गादीवरचा फोटो

"या मालक, या," शेठ म्हणाला आणि दुकानात बसलेले चौघे हसले.

मी दारात उभा. डोक्याला पोत्याचं फडकं तसंच, हातात कराच्या ऑफिसातून आलेली नोटीस. माजलगावच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मी बावीस वर्षं हमाली केली, त्यातली सतरा याच आडतीवर. एवढ्या वर्षांत शेठनं मला 'ए' सोडून दुसरी हाक मारली नव्हती. त्या दिवशी मालक म्हणाला. एकानं उठून मला हात जोडले. मुनीम म्हणाला, मालकांना चहा सांगा. चहा आला. मोजून पाच कप, मी सोडून सगळ्यांना.

नोटिशीत लिहिलं होतं की माझी सरकीची कंपनी आहे. तिनं खोटी बिलं फाडली आणि कर बुडवला. दंड-व्याज धरून जो आकडा होता तो माझ्या मुलीनं बोट ठेवून दोनदा वाचला. मला तो ऐकूच आला नाही. कारण कंपनीचं नाव तिनं आधीच वाचलं होतं. ते माझ्या आईचं नाव होतं. गयाबाई.

हे कसं झालं तेही सांगतो. माझाच मूर्खपणा आहे, झाकत नाही.

तीन वर्षांमागं, दिवाळीच्या आधी, शेठनं मला आत बोलावलं. आत पांढरी गादी, मागं लोड. आमच्या वस्तीतल्या माणसानं त्या गादीवर बसायचं नाही असं कुठं लिहिलेलं नव्हतं. पण कुणी बसत नव्हतं. पोतं उतरवायचं आणि उंबऱ्याबाहेर थांबायचं. पाणी प्यायचं ते नळाला ओंजळ लावून. त्या दिवशी शेठ म्हणाला, बस. मी बसेना, तर हाताला धरून बसवलं.

"तुज्या आईचं नाव काय रं?"

मी सांगितलं. आई जन्मभर या मोंढ्यात सांडलेलं धान्य झाडून आणायची. त्यातले खडे-माती निवडून जे उरेल ते आम्ही खायचो. याच दुकानापुढं शेठच्या बापानं तिचं सूप लाथेनं उडवलं होतं. शेठ म्हणाला, तिच्या नावानं नवी पेढी काढू. पाडव्याच्या पूजेला तू बसायचं, बायकोला घेऊन.

आईच्या नावाचा बोर्ड रंगवून आला. मला गादीवर बसवून, मागं बोर्ड धरून फोटो काढला. आधार माझं होतं, पॅन कार्ड त्यांनीच काढून दिलं. मोबाईलवर आकडा येईल तो सांग म्हणाले, सांगितला. सह्या किती केल्या कुणास ठाऊक. पाडव्याला बायको शेजारणीची साडी नेसून आली. नव्या वहीला हळदकुंकू मी वाहिलं. पेढे वस्तीत वाटले. लोक म्हणाले, गयाबाईचं पोरगं गादीवर बसलं. मला लई बरं वाटलं.

आज त्याच बरं वाटण्याची सगळ्यात जास्त लाज वाटते. पैसे देऊन फसवलं असतं तर निदान पैसे तरी मिळाले असते. मला मान देऊन फसवलं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पोती उचलायला लागलो. बोर्ड कुठं गेला ते विचारलंसुद्धा नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

नोटिशीमागून बँकेतलं खातं बंद झालं. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, त्याला उत्पन्नाचा दाखला लागत होता. तहसीलातला माणूस म्हणाला, बापाची कंपनी आहे, तुला कसला दाखला. दाखला नाही म्हणून फीची सवलत नाही. शुक्रवारपर्यंत फी भरायची होती.

हे सगळं मी शेठला दारातून सांगितलं. हसून झाल्यावर त्यानं टाइप केलेला कागद काढला. तो तयारच होता. त्यात लिहिलं होतं की पेढी मीच चालवली, ती बुडाली, आता माझ्याकडं देण्यासारखं काही नाही. म्हणाला, दिवाळखोरीचा अर्ज माझा वकील करंल, पोरीची फी मी भरतो. मी म्हणालो, कुणाकडून तरी वाचून घेतो.

"वाचून काय करणार हाईस? तुज्याकडं जायाला हाय काय? दिवाळं काढायला बी ऐपत लागती बे. ती मी देतो."

मग कागद माझ्याच हातात देऊन मला कोर्टाकडं पाठवलं, नोटरीपुढं सही करून आण म्हणाला. सतरा वर्षं सांगितल्या जागी माल पोचवणारा माणूस. कागदही पोचवील असं त्यानं धरलं.

कोर्टात फुकट सल्ला देणारं एक टेबल आहे. तिथं बसलेल्या वकीलबाईंनी कागद वाचला, नोटीस वाचली आणि मला समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं. मला आता बस म्हटलं की भीती वाटते. मी उभाच राहिलो.

"या कागदावर सही केली तर खोटी बिलं तुम्हीच फाडली असं होईल," त्या म्हणाल्या. "दिवाळखोरीत सरकारचं देणं सुटत नाही. वर तुरुंगाची पाळी येईल."

मी विचारलं, सही नाही केली तर सुटतो का. त्या म्हणाल्या, सुटाल असं मी सांगणार नाही. नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या. पोलिसात लेखी तक्रार द्या. दोन्हीकडं पोच घ्या. एकही तारीख चुकवू नका. वर्षं जातील.

घरी आलो. मुलीला सगळं सांगितलं, फीचंसुद्धा. तिनं शेठचा कागद पूर्ण वाचला. मग म्हणाली, "दादा, आजीच्या नावावर चोरी लिहून देऊ नका."

दुसऱ्या दिवशी नोटिशीचं उत्तर टपालानं धाडलं, तक्रार पोलिसात दिली आणि पाय न पुसता दुकानात शिरलो. सहीची जागा कोरीच असलेला कागद गादीवर ठेवला.

"कावून? पोरगी शिकवायची न्हाई का?" शेठ म्हणाला.

"सही करत न्हाई. पेढी तुमची, बिलं तुमची. तसं लिवून दिलंय."

त्याच दिवशी हमालांच्या मुकादमानं सांगितलं, उद्यापासून येऊ नको. मोंढ्यात दुसऱ्या कुणी उभं केलं नाही. शुक्रवार गेला, प्रवेश गेला. मुलगी कापडाच्या दुकानात दिवसभर उभी राहून साड्यांच्या घड्या घालते. मी सिरसाळ्याकडं वीटभट्टीवर जातो. बायको मोंढा झाडायला जाते. आईचंच सूप आहे तिच्या हातात. पोलिसांनी तक्रार ठेवून घेतली, पुढं काही झालं नाही. शेठनं आणखी एक पेढी काढली, कुणाच्या नावावर ते अजून कळलं नाही. खातं बंदच आहे. हे मिटेल असं मला वाटत नाही.

कराच्या ऑफिसात आतापर्यंत सहा तारखा झाल्या. वीटभट्टीचा रोज बुडवून, बीडपर्यंत एसटीनं जातो. शिपाई दारात येऊन आईच्या नावाची कंपनी पुकारतो आणि विचारतो, मालक हजर आहेत का. बाकावरची माणसं माझ्या कपड्यांकडं बघतात. कुणीतरी हसतं.

मी उठून उभा राहतो.

"हजर हाय," मी म्हणतो. "मालक न्हाई."

सहाही वेळा हेच म्हणालो. सातव्या तारखेलाही जाणार आहे.