दादांच्या पोटावर पाय

सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये कपाट आवरताना जाड लोकरी मोज्यांचा वास आला आणि जपानमधल्या होक्काइडोचा बर्फ आठवला.

पायांना स्की बांधून बर्फाचा डोंगर चढताना माझ्या पायांची बोटं बधिर झाली होती. लहान गावातून शिकून आलेला मी. माझ्यामुळे मित्रांना थांबावं लागू नये म्हणून गप्प राहिलो. शेवटी पडलोच. आमच्यात वयाने मोठे असलेल्या सुधीरदादांनी माझे बूट-मोजे काढले आणि स्वतःचं जॅकेट उघडलं.

"ठेव पाय माझ्या पोटावर."

"दादा, तुम्हाला पाय कसा लावू?"

"नमस्कार नंतर कर रे, आधी बोटं वाचव!"

बऱ्याच वेळाने बोटांत कळ उठली. "दुखतंय," मी म्हणालो. दादा खूश झाले; बोटांत जीव परत आला होता.

तेव्हा मला फक्त लाज वाटली होती. आता माझे बर्फासारखे पाय पोटावर घेतलेल्या दादांचे घट्ट मिटलेले ओठ आठवतात.