आधी थंड पाणी

धाकूला दिवा गावच्या खाडीकाठी लोक ‘साहेबाचा न्हाणीवाला’ म्हणत. तोंडावर नाही, मागे. तोंडावर म्हटलं असतं तरी तो काही बोलला नसता म्हणा. त्याच्याइतका मऊ माणूस त्या गावात दुसरा नव्हता, आणि मऊ माणसाच्या वाट्याला गाव काय काय लावून देतं ते मी पाहिलेलं आहे. पण त्या नावामागे एक मरण होतं, त्यामुळे माणसं ते आवाज उतरवून घेत.

जन्मानं तो आगरी, कामानं मिठागरावरचा. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहायचं, फळीनं मीठ ओढायचं आणि संध्याकाळी भेगाळलेले पाय घेऊन घरी यायचं. पायांची आग शमवायला गोडं पाणी लागतं, आणि दिव्याला नेमकं तेच नव्हतं. खाडी हवी तेवढी. प्यायची विहीर मात्र पाऊण कोसावर. तिथून त्याची बायको सगुणा डोक्यावर दोन हंडे घेऊन दिवसाला तीन खेपा करायची. त्यातला अर्धा हंडा तापवून ती नवऱ्याच्या पायांवर ओतायची आणि स्वतः ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्यायची. धाकूला हे दिसत होतं. दिसून करणार काय?

कल्याणला आगगाडी येऊन पंचवीसेक वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. जमीन मोजणीचा एक गोरा साहेब दिवाळी झाली की तंबू, टेबलं, कोंबड्यांचे खुराडे असा सगळा संसार बैलगाड्यांवर घालून निघायचा आणि मुरबाड, शहापूर, कल्याण अशी रानं पालथी घालत वैशाखापर्यंत फिरायचा. त्याला पाणी भरायला आणि तापवायला माणूस हवा होता. मिठागराचे पाय बरे होतील एवढ्याच विचारानं धाकू गेला.

साहेबाचा उजवा खांदा कधीतरी घोड्यावरून पडून निखळला होता. हात डोक्यावर जात नसे, तांब्यानं पाणी घेता येत नसे, आणि दुसऱ्यानं अंगावर ओतलेलं त्याला खपत नसे. रोज सकाळी न्हाणीच्या कापडी कनातीतून शिव्या ऐकू येत. धाकूनं चार दिवस ऐकल्या आणि पाचव्या दिवशी तो कामाला लागला.

त्यानं रॉकेलचा रिकामा चौकोनी डबा घेतला, राखेनं घासघासून वास घालवला. बुडाला भोक पाडून त्यात वेळूची आखूड नळी बसवली आणि सांध्याला कापूस नि मेण भरलं. नळीच्या खालच्या तोंडाला बारीक बारीक भोकं पाडलेली नारळाची करवंटी बांधली. आतून लाकडी बूच, बुचाला दोरी. राहिला प्रश्न डबा टांगायचा, कारण माळावर झाड असेलच असं नाही. तर त्यानं बैल सोडलेली गाडी मागे उलाळली. गाडीची धुरा वर आभाळाकडे झाली. तिच्या टोकाच्या जुवावरून दोर टाकला, डबा खाली घेऊन भरला, वर ओढला, भोवती कनात लावली. साहेबानं आत जाऊन डाव्या हातानं दोरी ओढली आणि ऊन पाणी पावसासारखं अंगावर आलं. त्या दिवशी शिव्या ऐकू आल्या नाहीत. उलट साहेब आत गाणं म्हणत होता, आणि ते शिव्यांहून वाईट होतं असं स्वयंपाक्याचं मत पडलं.

पुढे मुक्काम हलला की पहिली गाडी धाकूची. साहेब घोड्यावरून पोचेपर्यंत तीन दगडांवर हंडा उकळत असायचा आणि धुरा वर झालेली असायची.

एक गोष्ट मात्र पहिल्याच आठवड्यात त्याच्या ध्यानात आली. उकळतं पाणी आधी ओतलं की सांध्याचं मेण पातळ व्हायचं आणि नळी सुटायची. एकदा सुटलीच; सगळं उकळतं पाणी भसकन खाली आलं, नशीब की कनातीत कोणी नव्हतं. तेव्हापासून तो डब्यात आधी थंड पाणी घालायचा, वरून उकळतं.

सहदेव गाडीवान जुन्नरकडचा, तोंडाचा फटकळ पण मनाचा साफ. त्यानं हे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. कारण आपल्याकडे शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं की जित्या माणसाचं न्हाणं म्हणजे आधी ऊन पाणी, मग त्यात थंड पाण्याचं विसण. आधी थंड घेऊन त्यावर ऊन ओततात ते मढ्याला न्हाऊ घालताना.

“आरं, हे मढ्याचं पाणी झालं की रं,” सहदेव म्हणाला.

“साह्यबाला कोन सांगतंय?” धाकू म्हणाला. “त्यांच्यान तसला काय नसतंय.”

दोघं हसले. साहेब तीन महिने त्या पाण्यानं न्हाला आणि त्याला काही म्हणता काही झालं नाही, हेही सांगून ठेवतो.

माघात सगुणा बाळंत झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिचं माहेर खाडीपलीकडे आणि तिचे पाय इतके सुजलेले की होडीत चढवणं जमेना. म्हणून तिची आई, कमळाबाई, इकडे येऊन राहिली. मुलगी झाली. निरोप पोचला तेव्हा साहेबाचा मुक्काम कल्याणजवळच होता. धाकूनं आठ दिवसांची रजा मागितली आणि जाताना तो डबा खांद्यावर घेतला. साहेबानं तेवढ्यापुरतं परातीत बसून न्हायचं कबूल केलं.

त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं. जन्मभर डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या बाईनं एकदा तरी हात न हलवता पोटभर न्हावं, एवढंच. शेजारची मिठाची गाडी त्यानं अंगणात आणून उलाळली, भोवती बांबूचे तट्टे लावले. विहिरीवरून सहा खेपा स्वतः केल्या. बायका हसल्या, पुरुष जास्त हसले. कमळाबाई पोरीला मांडीवर घेऊन घरात शेकशेगडीपाशी बसली होती. तिला हा तमाशा पसंत नव्हता, पण जावयाला बोलायचं कसं?

डबा भरायची वेळ आली आणि धाकू हंडा हातात घेऊन थांबला. तट्ट्याच्या आत तो एकटाच होता. आधी ऊन ओतावं, रीत पाळावी, तर मेण सुटणार आणि उकळतं पाणी सगुणाच्या उघड्या पाठीवर येणार. ते भसकन सांडलेलं पाणी त्याला आठवलं. त्यानं हंडा खाली ठेवला, आधी थंड घागर ओतली, मग ऊन. मनात म्हणाला, देवाला कळतं मी का करतोय ते.

सगुणा पाच दिवसांची ओली बाळंतीण. भिंतीला धरत आत गेली, तिनं दोरी ओढली. बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज येत राहिला. मग तिनं आतून हाक मारली, “ऐकलाव का? अजून हाय का पानी?”

“हाय गो, हाय. न्हा तू,” धाकू म्हणाला. त्यानं दुसऱ्यांदा डबा भरला, तिसऱ्यांदा भरला. आयुष्यात त्याला इतकं सुख कधी झालं नव्हतं.

त्याच संध्याकाळी सगुणाला थंडी वाजून आली. अंग तव्यासारखं तापलं. वैदूचा काढा झाला, अंगारा झाला, कल्याणहून एक हकीम आणला तो डोकं हलवून परत गेला. चौथ्या दिवशी तिनं नवऱ्याला जवळ बोलावून सांगितलं की ओटीपोटात न्हाण्याच्या दिवशी सकाळपासूनच दुखत होतं, पण तुम्ही एवढं मांडलंत, नाही कसं म्हणू. सहाव्या दिवशी ती गेली.

त्या वर्षी खाडीकाठी बाळंतज्वरानं आणखी किती बायका गेल्या ते कोणी मोजलं नाही. त्यांच्यावर कोणी आधी थंड पाणी ओतलं होतं? सुईणीच्या गंजक्या विळ्याकडे कोणी बोट दाखवलं नाही. पण हे आज मी बसल्या जागी म्हणतो आहे. त्या अंगणात तेव्हा तसं म्हणणारा कोणी नव्हता.

सुतकात माणसं भेटायला येत होती. दहाव्या दिवशी सहदेव आला. साहेबानं पाठवलं होतं, आणि त्याला स्वतःलाही वाईट वाटलं होतं. अंगणात पुरुष बसले होते, दारात कमळाबाई पोरीला घेऊन. काय बोलावं सुचेना तेव्हा माणूस दुःखी माणसाची तारीफ करतो. सहदेवानं तेच केलं.

“लई डोक्याचा माणूस,” तो म्हणाला. “साहेबाच्या डब्याचं मेण टिकंना, तर ह्यानंच युक्ती काढली, आधी थंड ओतायचं नि मग ऊन.” एवढं बोलून झालं आणि आपण काय बोललो ते त्याला कळलं. तो मान खाली घालून बसला.

कमळाबाईनं विचारलं, “जावय, माज्या पोरीला न्हायला घातलाव तवा आधी काय ओतलाव?”

आता इथे धाकूला एकच शब्द खोटा बोलायचा होता. तट्ट्याच्या आत कोणी पाहिलं नव्हतं. सगुणा सांगायला नव्हती. ‘ऊन’ म्हटलं असतं तर कमळाबाईनं विश्वास ठेवला असता, कारण तिलाही तेच ऐकायचं होतं. दूधपितं पोर चार महिने आजीकडे राहून मग बापाकडे यायचं, असं आधीच ठरलं होतं. त्या एका शब्दावर त्याची पोर होती, आणि हे त्याला पुरतं कळत होतं.

“थंड,” तो म्हणाला.

“ठावं हुता तुमाला?”

“हुता.”

मेणाचं त्यानं सांगायला सुरुवात केली, पण सांधा, नळी, करवंटी हे त्या अंगणात कोणाच्या कानात शिरणार होतं? ओटीपोटाचं तर त्यानं काढलंच नाही. मेलेल्या बायकोवर घालून आपण सुटायचं, हे त्याच्यानं होण्यासारखं नव्हतं. कमळाबाई उठली. तिनं शिव्याशाप दिले नाहीत, रडलीही नाही. पोरीला पदरात गुंडाळलं आणि भरती लागायच्या आत होडी गाठली.

चार महिन्यांनी धाकू पोरीला आणायला गेला तेव्हा कमळाबाईनं त्याला ओट्यावर बसवलं, गूळपाणी दिलं आणि सांगितलं, “या, बघा, बसा. पन तुमच्या हातचा पानी माज्या नातीच्या अंगाला लागू देनार नाय.” पंच बसवावे, भांडावं, असं चार जणांनी सुचवलं. तो भांडला नाही. खरं सांगायचं तर त्याचा स्वतःचाही स्वतःवर विश्वास उरला नव्हता. साहेबाकडेही तो परत गेला नाही; पुन्हा मिठागरावर उभा राहिला.

पोरीचं नाव बायजा. सणासुदीला तो खाडी ओलांडून जायचा, ओट्यावर बसायचा. बायजा लाघवी होती. बापाच्या मांडीवर चढायची, त्याच्या पायांच्या भेगांत काडी घालून बघायची. तिला तहान लागली आणि धाकूनं तांब्या उचलला की आजी आतून यायची, त्याच्या हातून तांब्या काढून घ्यायची आणि स्वतः पाजायची. रागानं नाही, सवयीनं. पोर दोघांकडे बघायची. असं एकदा नाही, बारा वर्षं झालं.

बारावं सरलं तेव्हा डोंबिवलीकडच्या एका शेतकऱ्याच्या घरी तिचं लग्न झालं. हळदीच्या न्हाण्याला धाकू मांडवात नारळ फोडत बसला, चुलीकडे फिरकला नाही. पौषाच्या थंडीत नवराबायको आजीकडून होडीनं पहिल्यांदा त्याच्या घरी यायची होती. कमळाबाई तोवर डोळ्यांनी अधू झाली होती. तिनंच म्हटलं, आता परक्या घरची झाली, बापाचं घर बघू दे. धाकूनं आठ दिवस आधी घर सारवलं. त्या दिवशी अंधार असताना विहिरीवर जाऊन पाणी आणलं, अंगणात हंडा चढवला. लेक-जावई आले की पायांवर ऊन पाणी घालायचं असतं, आणि होडीतून उतरून चिखल तुडवत येणाऱ्यांना तर ते हवंच असतं.

दोघं आली तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली होती. धाकूनं घंगाळ समोर ठेवलं. बायजाला दिसेल अशा बेतानं, सावकाश, आधी हंड्यातलं उकळतं पाणी ओतलं. वाफ वर आली. मग तांब्यातांब्यानं विसण घातलं. हात घालून बघितलं. जावयानं पाय धुतले, “झकास हाय पानी,” म्हणाला आणि ओट्यावर जाऊन बसला.

बायजा घंगाळापाशी आली. तिनं लुगडं वर धरलं, एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबली. बापाकडे बघून हसली. मग वळून दाराजवळच्या रांजणाकडे गेली आणि तांब्यानं थंडगार पाणी आपल्या पायांवर ओतू लागली. चिखल लवकर निघेना. तिची पावलं लाल झाली, दात वाजायला लागले, तरी ती ओततच होती.

“बा, मना थंडच बरा वाटतंय,” ती म्हणाली.

धाकूनं मान हलवली. तिच्या मनात राग असता तर त्यानं पाय धरले असते, बारा वर्षं पोटात ठेवलेलं सगळं सांगितलं असतं. राग नव्हताच. त्याची लेक त्याच्यावर माया करत होती आणि त्याच्या पाण्याला भीत होती, आणि दोन्ही खरं होतं.

तो आत गेला, खुंटीवरचं घोंगडं घेऊन आला. ती ओट्यावर जावयापासून जरा दूर, थरथरत बसली होती. तिच्या ओल्या पावलांवर त्यानं ते घोंगडं घातलं आणि चारी बाजूंनी खोचलं. तेवढं तिनं करू दिलं.