आत्तीच्या तीन वह्या आणि अण्णांचा प्रबंध

माझे आजोबा चोर होते.

आज सकाळी कुंडलला आत्ती गेली. अठ्ठ्याण्णव वर्षांची होती.
ती असेपर्यंत हे वाक्य लिहायचं धाडस झालं नाही.

आत्ती म्हणजे अनुसया. माझ्या आजोबांची, अण्णांची, धाकटी बहीण. बाबांची आत्या, म्हणून आम्ही नातवंडंही तिला आत्तीच म्हणायचो.

स्वातंत्र्याच्या आधीची दोन-तीन वर्षं ती आटपाडीला मामाकडे राहून मुलींच्या शाळेत शिकवायची. सातवी फायनल पास. वय अठरा.

पाऊस नव्हता. वर्गातल्या पोरी भाकरीसोबत रानातला कसलातरी पाला आणायच्या.
आत्ती विचारायची, हे काय? कुठं मिळालं? आईनं कसं शिजवलं?
मग ती त्यांच्या आयांकडेच जायला लागली. दर रविवारी. चालत.

कुठला पाला पोटाला चालतो, कुठली शेंग किती पाण्यात उकळायची, बाळंतिणीला काय द्यायचं नाही. सगळं लिहून काढलं. सांगणाऱ्या प्रत्येक बाईच्या नावासकट.
तीन वह्या भरल्या.

अण्णा तेव्हा मुंबईत एम.ए. करत होते. सुट्टीत आले, वह्या बघितल्या.

"आनशे, ह्या मला दे. प्रबंधाला लय उपयोगी हायत. पयल्या पानावर तुजं नाव घालतो."

"परत आणशील न्हवं?"

"व्हय गं."

पुढच्या सुट्टीत सांगितलं, खोली बदलताना वह्या हरवल्या.

आत्तीनं पुन्हा कधी विचारलं नाही. आम्हाला मात्र सांगायची, "माजीच चूक. दुसरी प्रत काढाय पायजे व्हती."
आयुष्यभर स्वतःलाच बोल लावला तिनं.

आणि अण्णा? प्राध्यापक झाले. मला बोट धरून पहिल्यांदा लायब्ररीत त्यांनीच नेलं. माझं सगळं शिक्षण त्यांच्यामुळे. त्यांच्याइतकं प्रेम मी कुणावर केलं नाही.

म्हणूनच दोन वर्षांपूर्वी त्यांचा प्रबंध शोधायला घेतला. घरात प्रत नव्हती. एक असावी असं वाटलं.

ऑनलाइन डेटाबेसमध्ये काहीच सापडेना. नवे प्रबंध ढिगानं, जुना एकही नाही. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हांनी टाकून बघितलं, तेव्हा विद्यापीठाच्या कॅटलॉगमध्ये एक ओळ आली. नाव, विषय, कपाटाचा नंबर.
ग्रंथपालबाईंना मेल केला. उत्तर आलं, "इतके जुने प्रबंध स्कॅन झालेले नाहीत. इथे येऊन बघावे लागतील."

गेले. इंग्रजीत टाइप केलेली पिवळी पानं, कापडी बांधणी. पहिल्या पानावर अण्णांचं नाव.
फोटो काढून लगेच फॅमिली ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हात जोडले.

मग मागचं परिशिष्ट उघडलं.

'संशोधकाने जागेवर जाऊन घेतलेली मूळ मराठी टिपणे.'

अक्षर आत्तीचं होतं.

तिरका 'र', शब्दावर मोडलेली रेघ. लहानपणापासून माझ्या प्रत्येक वाढदिवसाला पत्र यायचं त्या अक्षरात. वह्या हरवल्या नव्हत्या. उसवून, नीट कापून, प्रबंधात बांधल्या होत्या.

ऋणनिर्देशात प्राध्यापकांचे आभार. मित्रांचे आभार. शेवटी एक ओळ, 'माहिती देणाऱ्या निरक्षर स्त्रियांचे'.

ग्रंथपालबाईंच्या परवानगीनं फोनवर फोटो घेतले. बाबा म्हणाले, "तिला सांगू नकोस. वय झालंय तिचं."
मी सांगितलं.

आत्तीनं टॅबवर एकेक पान मोठं करून वाचलं. मग म्हणाली, "इंग्रजीत काय लिवलंय, त्ये सांग."

सांगत गेले. एका शेंगेपाशी तिनं मला थांबवलं.
"एकदा उकळून? मी तीनदा पाणी बदलायचं लिवलंय. आसं खाल्लं तर पोरं मरत्याल की!"

मग ऋणनिर्देश. 'निरक्षर' शब्दाशी मी अडखळले. तिला कळलं.

"काय म्हणलाय त्यो?"

सांगितलं.

"मला?" ती म्हणाली. "मला दादानंच आक्षरं शिकवली व्हती गं."

त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं एवढंच मागितलं, "माजं नाव घालाय सांग. आन् त्या बायकांची बी. आन् त्ये पाण्याचं दुरुस्त करा म्हणावं."

विद्यापीठाला पत्र लिहिलं. उत्तर सभ्य होतं. प्रबंध बदलता येत नाही, पण कॅटलॉगमध्ये मूळ संकलनकर्ती म्हणून नोंद जोडता येईल. त्यासाठी लेखकाच्या वारसाची सही लागेल.

वारस म्हणजे बाबा. फॉर्म त्यांच्या टेबलावर दीड वर्ष पडून होता.

"अण्णा गेले. आता त्यांना चोर ठरवू?"

आत्ती दर फोनला विचारायची, "झालं काय गं?"
मी म्हणायचे, "होतंय, आत्ती."

मी बाबांशी भांडले नाही. घरात वाद नको म्हणून. अण्णांनी तिला फसवलं, आणि मग मीही फसवलं. दर फोनला.

बाबा, हे तुम्ही वाचाल. रागवा. फॉर्म अजून टेबलावरच आहे.

तुम्ही सही करेपर्यंत नोंद इथे करते:
आटपाडी भागातल्या दुष्काळी अन्नाची टिपणं. लिहिणारी, अनुसया दादू पवार, शिक्षिका. सांगणाऱ्या सत्तेचाळीस बायका. त्यांची नावं खाली पहिल्या कॉमेंटमध्ये देते आहे, आत्तीनं लिहिली त्याच क्रमानं.
शेंगेचं पाणी तीनदा बदलायचं.

आत्ती, तुझी माफी मागायला उशीर झाला.
नमस्कार करते.