लाभार्थी सगळे पिवळ्यात

"काका, हा शर्टावरनंच चढवा. लाभार्थी सगळे पिवळ्यात हवेत."

सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी टी-शर्ट माझ्या छातीला लावून पाहिला. पाठीवर छापलं होतं, 'मी घडलो'.

"मॅडम, मी लाभार्थी नाही. नसरापूरच्या केंद्रात वेल्डिंग शिकवतो."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "असू द्या हो. मुलांबरोबर फोटोत बरं दिसेल."

मी घातला.

सारोळ्याजवळच्या हॉटेलातला हॉल. कारखानेवाले, प्रशिक्षण संस्था, सरकारी खाती, सगळ्यांची रोजगाराच्या कामाबद्दलची समज एक व्हावी म्हणून बैठक. समज एक करणारे गोल टेबलांभोवती. ज्यांना समजून घ्यायचं ती माझी पोरं भिंतीकडेला, पिवळी. मीही त्यांच्यात.

मला राग यायला हवा होता. आला नाही. आज तेच जास्त लागतं. वेल्ह्याकडच्या आमच्या बौद्ध वस्तीतून मी बाहेर पडलो ते मान वर करून जगायला. आणि पन्नाशीला टेकल्यावर एका टी-शर्टात मुकाट मान घातली. का, तर केंद्राला काम याच लोकांकडून मिळतं.

मग मंचावर यशोगाथा सुरू झाल्या. सविताचं नाव पुकारलं. माझ्याच वस्तीतली, माझ्या हाताखाली शिकलेली. बाईंनी तिच्या हातात माईक दिला आणि पढवू लागल्या. माईक चालूच होता. सगळ्या हॉलनं ऐकलं.

"सांग, आमच्या समाजात मुलींना शिकवत नाहीत. आई अडाणी. या प्रशिक्षणानं मला माणूस केलं. टाळ्या पडतील बघ."

सविताच्या आईनं दुसऱ्यांच्या भातखाचरात कंबर मोडून पोरीला बारावी केलं. विहारात निकाल वाचला तेव्हा ती माउली उभी राहून रडली होती. तिला अडाणी म्हणायचं. तेही तिच्या लेकीच्या तोंडून.

सविता माझ्याकडे बघत होती. तिला इथं मी आणलं होतं.

मी उठलो. टी-शर्ट डोक्यातून ओढून काढला.

"ती हे बोलणार नाही. माणसं आम्ही होतोच. वेल्डिंग तेवढं शिकलो."

पुढच्या टेबलावरचा, आमच्या पोरी कामाला घेणाऱ्या कारखान्याचा साहेब हसला. "मास्तर, तापू नका. पोरगी घाबरलीय, बसू द्या तिला."

"घाबरले न्हाई," सविता माईकमध्येच म्हणाली. "साहेब, तुमची गाडी आमाला हायवेला सोडती. तवर वेल्ह्याची शेवटची एसटी गेलेली असती. पोरींनी काम सोडलं ते त्यापायी. तुमी म्हनता, गावच्या पोरी टिकत न्हाईत. इचारलं का कुनी?"

बाईंनी माईक काढून घेतला. "वेळ कमी आहे." टाळी एकही पडली नाही.

बाहेर आमच्या केंद्राचे संचालक माझ्यावर धावून आले. "केंद्र बंद पाडायचंय का तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो. "चालवायचंय."

तो टी-शर्ट आता वर्कशॉपात आहे. पत्र्यावरची काजळी त्यानं पुसतो.

पुढच्या बैठकीचा निरोप आलाय. लाभार्थी घेऊन या. मी कळवलंय, आमच्याकडे लाभार्थी नाहीत. मी येईन, सविता येईल, आमच्या कपड्यांत. बसायचं ते टेबलाशी. पहिलं बोलणं गाडीचं आणि एसटीचं. खुर्ची दिली नाही तर उभे राहू. पण आमचं बोलून होईपर्यंत माईक हातातून सोडणार नाही.