मागच्या बाकावरचं गाणं

चर्चमध्ये माझ्या मागच्या बाकावर दावीदकाका बसतात. कान जवळजवळ गेलेत, तरी एकही गीत सोडत नाहीत. सूर मात्र कधी पुढे, कधी मागे. परवाच्या रविवारी पेटी थांबली, सगळे गप्प झाले, आणि शेवटची ओळ काका एकटेच गात राहिले. कुणी हसलं नाही.

रूथ, माझी बायको, दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून मी गात नाही. पूर्वी तिच्या आवाजाआड माझा बेसूर खपून जायचा. आता शेजारची जागा रिकामी असते. मी गीतांचं पुस्तक उघडून नुसता उभा राहतो. वर कुणी ऐकतंय याची काहीतरी खूण मिळू दे, मग गाईन, असा माझा हट्ट.

बाहेर पडल्यावर काकांच्या कानाशी ओरडून विचारलं, "काका, ऐकू येत नाही, मग गायला कधी लागायचं हे कळतं कसं?"

"तुझे खांदे बघतो ना," ते हसून म्हणाले. "ते वर गेले की समजायचं, तू गायला श्वास घेतलास. मग मीही घेतो."

माझे खांदे वर जातात ते उसासा टाकताना. दोन वर्षं हा माणूस माझ्या उसाशांवर देवाची स्तुती गात होता.