भटू तायड्यांची बोट ऐनपूरला निघाली

भटू तायड्यांनी चौतीस वर्षं मालगाड्या हाकल्या. भुसावळहून निघायचं आणि खंडव्याकडे जायचं, परत यायचं. दुसखेड्याच्या अलीकडे तापीचा पूल लागला की ते हमखास खिडकीतून खाली बघत. कधी वाळूत कुणी टरबुजं लावलेली असत, कधी पाण्यात एखादी डोंगी आणि तीत जाळं आवरणारा माणूस. पूल संपला की नदी संपली. पुढच्या सिग्नलवर नजर लावायची. नदीवर गाडी थांबवता येत नाही, हे दुःख त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ते सांगण्यासारखं दुःख नव्हतं.

निवृत्तीनंतर बरोबरीच्या लोकांनी नाशिकला फ्लॅट घेतले, कुणी पोराला दुकान टाकून दिलं. भटूभाऊंनी मोटारबोट घेतली. फायबरची, पांढरी, निळ्या पट्ट्याची, मागे पेट्रोलवर चालणारं मशीन. ट्रकवरून ती गल्लीत उतरली तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली.

"भटूभाऊ, यंदा पूर येणार हाये का?" एकाने विचारलं.

पार्वताबाई दारातच उभ्या होत्या. नवऱ्याकडे बघून त्या एवढंच म्हणाल्या, "म्हैस घेतली असती तं दूध तरी देल्लं असतं." आणि आत निघून गेल्या. त्या दिवशी वरणात मीठ नव्हतं. भटूभाऊंनी ते मुकाट्याने खाल्लं.

पण बाईंचा राग फार टिकणारा नव्हता. त्यांचं माहेरच तापीकाठचं, रावेर तालुक्यातलं ऐनपूर. लहानपणी त्या म्हशीच्या शेपटीला धरून नदी पार करायच्या. बोट हतनूर धरणाच्या फुगवट्यावर नेऊन ठेवली, भटूभाऊंनी काठाकाठाने महिनाभर सराव केला, आणि एके दिवशी जेवताना बाईच म्हणाल्या, "धरणाचं पाणी पार ऐनपूरपर्यंत जाते. भिकुअक्काले पाण्यावरून भेटाले गेलो तं?"

भिकुबाई म्हणजे त्यांची थोरली बहीण. माहेरीच राहिलेली, गावातलं घर आणि केळीचा तुकडा सांभाळणारी. भटूभाऊंच्या हातातला घास हातातच राहिला. हेच तर त्यांना विचारायचं होतं, फक्त धीर होत नव्हता.

तिसरा गडी ठरला लोटननाना. मूळचे शिंदखेड्याकडचे, भटूभाऊंच्या गाडीवरचे गार्ड. या दोघांची दोस्ती मोठी अजब. एक इंजिनात, दुसरा शेवटच्या डब्यात, मध्ये मालाच्या साठ वाघिणी. वर्षानुवर्षं एकाच गाडीवर राहून बोलणं व्हायचं ते वॉकीटॉकीवर, नाहीतर हिरव्या झेंडीने. नानांना पोहता येत नव्हतं. तरी ते तयार झाले. भटूभाऊंच्या धुळ्याला परिचारिका असलेल्या लेकीने, दीपमालाने, पाण्यात तरंगवणारी तीन केशरी जॅकेटं पाठवली होती. त्यातलं एक नानांनी घरूनच घालून घेतलं आणि रिक्षात बसून आले.

जानेवारीतला रविवार होता. धुकं असं की पुढची चार हात जागा दिसेल न दिसेल. दोरी ओढली, मशीन फुरफुरलं, आणि काठ मागे सरला.

"बठ्ठं पानीच पानी शे, भो!" नाना आपल्या अहिराणीत म्हणाले आणि दोन्ही हातांनी कड धरून बसले.

भटूभाऊ मात्र सुखात होते. मागे बसून, मशीनचा दांडा हातात धरून, छाती पुढे काढून. अडचण एकच होती, आणि ती महिनाभरात सुटली नव्हती. इंजिन चालवणाऱ्याला वेग वाढवता येतो, कमी करता येतो, थांबवता येतं. वळवावं कधीच लागत नाही. वळण रुळाचं असतं. इथे दांडा डावीकडे ढकलला की बोटीचं नाक उजवीकडे जायचं, आणि ते दुरुस्त करायला गेलं की ती पाण्यावर सापासारखी नागमोडी पळायची. दोनदा पाणबदकांचा थवा चिडून उडाला.

"काल घेतली का ढोसून?" पार्वताबाईंनी विचारलं.

"वारा हाये," भटूभाऊ म्हणाले. वारा अजिबात नव्हता.

चांगदेवजवळ दोन नद्या एकत्र येतात. वर जाणाऱ्याला डावीकडे तापी, उजवीकडे पूर्णा. हे भटूभाऊंना पाठ होतं; आदल्या संध्याकाळी त्यांनी ते दोन्ही सोबत्यांना समजावूनही सांगितलं होतं. पण धुक्यात फाटा आला कधी आणि गेला कधी, हे तिघांनाही कळलं नाही. बोट सरळ जात राहिली. काठ जवळ आले, पाणी संथ झालं. आणि एकाएकी मशीनने घरघर करून दम सोडला.

"ओ! ओ! जाळं! माहं जाळं!" धुक्यातून कुणीतरी ओरडत होतं.

एक डोंगी जवळ आली. तीत एक वाळका, काटक माणूस, डोक्याला मफलर. नाव पितांबर. त्याचं जाळं बोटीच्या पंख्याला गच्च गुंडाळलं होतं. तो जे बोलला त्यातलं निम्मं इथे लिहिण्यासारखं नाही. भटूभाऊंनी ते ऐकून घेतलं. चूक त्यांचीच होती.

"कुठी चालले तुमी?" दम खाऊन पितांबरने विचारलं.

"ऐनपूरले."

पितांबर असा हसला की डोंगी डुलायला लागली. "आवं भाऊ, ही पूर्णा हाये! अजून थोडं गेले असते तं मलकापूरचा रस्ता पुसावा लागला असता."

नानांनी भटूभाऊंकडे बघितलं. "चौतीस साल मी तुनामांगे डोया मिटीसन वनू," ते हळूच म्हणाले. "देवनी राखं."

पार्वताबाईंना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून त्या हसत सुटल्या, आणि मग भटूभाऊही हसायला लागले. मशीन उचलून पंखा वर काढला. भटूभाऊ आणि पितांबर दोघे वाकून एकेक धागा सोडवू लागले. जाळं कापलं तर काम पटकन झालं असतं, पण भटूभाऊ म्हणाले, "कापू नको. बसू आपण." आणि ते बसले. गार पाण्याने बोटं बधिर झाली. जिथे जाळं फाटलंच होतं तिथे पितांबर गाठी मारत गेला आणि भटूभाऊ ताणून धरत गेले.

तोवर पार्वताबाईंनी डबा उघडला. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, कांद्याची पात. चौघांनी दोन बोटी एकमेकींना बांधून न्याहारी केली. धुकं विरलं, ऊन पडलं, आणि काठावरच्या तुरी, हरभरा, दूरवरचा पूल, सगळं एकदम दिसायला लागलं. नानांनी पहिल्यांदाच कड सोडली आणि दोन्ही हातांनी भाकरी मोडली.

"भरीत कोन केलं?" पितांबरने विचारलं.

"मी."

"मंग जाळं माफ," तो म्हणाला.

निघताना त्याने एक गोष्ट सांगितली. "भाऊ, तुमी बोटीच्या नाकाकडे पाहून चालवता. नाकाकडे नका पाहू. पुढचं एखादं झाड धरा, अन् त्याच्याकडेच पाहा."

भटूभाऊंनी प्रयत्न केला. झाड धरलं, पण सवयीने नजर जवळच्या पाण्यावर यायची. फाट्यापर्यंत परत येईतो बोट पुन्हा दोनदा आडवी झाली. तेव्हा पार्वताबाई उठल्या.

"सरका तिकडे."

"तुले जमन?"

"म्हशीले तं दांडाबी नव्हता," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

सुरुवातीला बोट थोडी डगमगली. मग बाईंनी लांबचं एक निंबाचं झाड नजरेत धरलं, आणि बोट सुईत ओवलेल्या दोऱ्यासारखी सरळ निघाली. डावीकडे वळून ती तापीत शिरली. दोन्ही काठांना केळी, केळीला लागून पाण्याच्या मोटारी, मध्येच वाळूवर ऊन खाणारे पांढरे बगळे. बाईंच्या तोंडावर वारा येत होता, पदर खोचलेला, जॅकेटाचे पट्टे घट्ट. भटूभाऊ पुढे नानांच्या शेजारी जाऊन बसले. आपल्याला वाईट वाटायला हवं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण वाटत नव्हतं. उलट बरं वाटत होतं. आयुष्यात प्रथमच गाडी दुसरं कुणी चालवत होतं आणि त्यांना नदी बघायला मिळत होती, पूल संपण्याची भीती न बाळगता.

"नाना, ते पाहा, माशाने उडी मारली."

"दखाई ऱ्हायनं," नाना म्हणाले. "मी काय आंधळा शे?"

ऐनपूरच्या घाटावर भिकुबाई सकाळपासून येऊन बसल्या होत्या. दुपार कलली तरी पत्ता नाही म्हणून त्यांनी गावातली चार माणसंही जमवली होती. बोट वळणावर दिसली तशा त्या उठल्या. मागे दांडा धरून कोण बसलंय ते ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला.

"माय व! पार्वता?"

"जय भीम, अक्का!" पार्वताबाईंनी पाण्यावरूनच आवाज दिला.

भिकुबाईंनी चहा टाकायला माणूस घरी पाठवला, पाव्हण्यांची विचारपूस केली, उशीर का झाला ते ऐकून पोट धरून हसल्या. मग बोटीजवळ गेल्या. कडेवर हात फिरवला. मशीनला बोट लावून पाहिलं.

"एक चक्कर मारतं का?" त्यांनी धाकट्या बहिणीला विचारलं.

भटूभाऊ उठायला लागले, तर भिकुबाई म्हणाल्या, "तुमी बसा हो पाव्हणे. दमले असान."

लोटननानांनी आपलं जॅकेट काढून त्यांना घातलं, पट्टे आवळून दिले. सत्तरीच्या बाई लुगडं सावरत आत बसल्या. पार्वताबाईंनी दोरी ओढली. दोघी बहिणी मधल्या पाण्यात गेल्या, लांब गेल्या, पलीकडच्या काठाला लागून वर निघाल्या. त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, हसणं मात्र येत होतं.

घाटाच्या पायरीवर दोघे जुने रेल्वेवाले चहाचे कप घेऊन बसले. एकाने बशीत चहा ओतला, दुसऱ्याने कपातूनच प्यायला. बोट लहान होत होत पांढरा ठिपका झाली.

"परत येतील ना?" नानांनी विचारलं.

"येतील," भटूभाऊ म्हणाले. "घाई काय हाये?"