चपला दाराबाहेर

आम्ही जुन्या नर्सा एकत्र जमलो की चहा निवतो आणि किस्से निघतात. सुरुवात नेहमी माझ्या पळण्यापासून.

बाहत्तरच्या दुष्काळातली गोष्ट. मी नगरला मुलांच्या वॉर्डात नवी नर्स. पोराला आकडी आली की मी आधी पळायचे, डॉक्टरांना बोलवायला. आम्ही दोघं येईपर्यंत आकडी संपून पोरगं शांत झोपलेलं. डॉक्टर म्हणायचे, "सिस्टर, शर्यतीत नाव घाला. इथं उभं राहून बघा. कुठल्या बाजूनं सुरू झाली, किती मिनिटं चालली."

*

पारनेरचा एक पोरगा. ताप नाही, काही नाही, आणि झटके. डॉक्टर आईला शंभर प्रश्न विचारत होते. आमची आया सखूबाई फरशी पुसता पुसता वाकली आणि म्हणाली, "सायेब, पोराच्या तोंडाला आरतीचा वास येतोय."

देव्हाऱ्यातला कापूर खाल्ला होता त्यानं.

*

पुणतांब्याचे एक पाटील. मुलाच्या आकड्या गोळ्यांनी थांबलेल्या, त्या परत सुरू झाल्या.

"गोळ्या बंद केल्या का?"

"न्हाई ओ. लई गुनाच्या गोळ्या. म्हून अर्ध्या पुतन्याला दिल्या."

"त्याला पण आकडी येते?"

"येऊ नये म्हून."

*

जामखेडकडची जनाबाई आपल्या मंगलला घेऊन आली. ऊसतोडीची माणसं. मंगलला आकडी आली की ही लगेच पायातली चप्पल काढून तिच्या नाकाला लावायची. डॉक्टर भडकले. "बाई, आकडी आपली आपण थांबते, चपलेनं नाही. आजपासून सगळ्यांच्या चपला दाराबाहेर!"

मग मला म्हणाले, "एकाच बाजूनं सुरू होत असेल तर डोक्यात काहीतरी असेल, पुण्याला पाठवावं लागेल. आईला नीट सांगता येत नाही. कुणीतरी बघायला पाहिजे. आणि तुम्ही तर पळता."

दोनदा पळालेच मी. तिसऱ्यांदा जनाबाईनं माझा पदर धरला. "बाई, जाऊ नगा. माझ्या लेकीकडं बगा."

मंगलला कुशीवर केलं आणि उभी राहिले. आधी डावा अंगठा. मग डावा हात. मग तोंडाची डावी कड. तीन मिनिटं.

त्याच दुपारी पुण्याची चिठ्ठी झाली.

*

दोन महिन्यांनी जनाबाई मंगलला दाखवायला आली. पुण्याचं औषध लागू पडलं होतं, आकडी बंद. डॉक्टर यायचे होते, म्हणून दोघी माझ्या टेबलाशी भुईमुगाच्या शेंगा सोलत बसल्या.

एवढ्यात डॉक्टर आले, पळत. खांद्यावर त्यांचा तीन वर्षांचा मुलगा, तापानं फणफणलेला. आकडी नुकतीच थांबली होती.

मी पोराला घेतलं, कुशीवर निजवलं, ओल्या फडक्यानं पुसायला लागले. सवयीनं विचारलं, "कुठल्या बाजूनं सुरू झाली? किती मिनिटं?"

"बघितलं नाही," डॉक्टर म्हणाले. "पळत आलो."

पाय अनवाणी. हातात एक चप्पल.

जनाबाई उठली, त्यांच्या हातातली चप्पल हळूच काढून घेतली, आणि दाराबाहेर नेऊन आपल्या चपलांशेजारी नीट ठेवली.